वेगळी चूल

प्यो हान्गिलचा वर्ग दर शनिवारी सकाळी नोर्यांगजिनला, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत, सुक्या माकुलाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरे. घरांच्या व्यवहारात नव्याने पडणाऱ्यांना कर आणि कायदा शिकवणारे वर्ग सोलमध्ये गल्लोगल्ली होते, पण बाहेर पडल्यावर कपड्यांना माकुलाचा वास येणारा हा एकच, आणि त्या वासावरून त्याचे विद्यार्थी भुयारी रेल्वेत एकमेकांना ओळखत व नजर चुकवत. त्या शनिवारी ‘एक चूल, एक घर’ हा धडा होता. हा त्याचा आवडता धडा. कायदा माणसं मोजत नाही, चुली मोजतो, असं म्हणून तो सुरुवात करी. एका चुलीला एकच घर असलं आणि ते विकलं, तर नफ्यावर कर नाही. त्याच चुलीला दोन घरं झाली, की सरकार पानावर येऊन बसतं. तेव्हा तुमच्यासोबत राहणाऱ्या आईच्या नावावर गावाकडे एखादं खुराडं जरी असलं, तरी आधी आईची चूल वेगळी करा आणि मग आपलं घर विकायला काढा. नुसती कागदावर नाही, खरीखुरी वेगळी. कारण तपासणीला माणूस आला तर तो कागद बघत नाही, ब्रश बघतो. ब्रश ओला आहे का, कचरा निघतो का, पाण्याचं मीटर फिरतं का, औषधाच्या दुकानात आईचं कार्ड आईच्याच पत्त्याजवळ चालतं का. हे सगळं त्याने एका आजींच्या बाबतीत कसं बसवून दिलं, त्याची गोष्ट तो नमुना म्हणून सांगे. त्या आजी म्हणजे आपलीच आई, हे तो सांगत नसे. व्यावसायिक गुप्तता त्याने आजवर मोडली नव्हती.

“सर,” मागच्या बाकावरून बोंग नावाची मुलगी म्हणाली. ती केस कापायच्या दुकानात काम करायची आणि बोलताना समोरच्याच्या डोक्याकडे बघायची. “मग त्या आजींना परत कधी आणलं?”

“व्यवहाराची तपासणी पूर्ण झाली की आणायचं.”

“झाली का?”

“होईल.”

“तोवर त्या तिथेच?”

“तोवर तिथेच. नाहीतर मग अर्थ काय राहिला?”

बोंगने मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुन्हा त्याच्या डोक्याकडे बघितलं. आपले मागचे केस विरळ झालेत हे तिला कळलं, असं उगाचच त्याच्या मनात आलं, आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कर कचेरीतून होता. त्याने खिडकीशी जाऊन घेतला. शनिवारी काम करणाऱ्या सरकारी माणसाचा आवाज नेहमी थोडा दुखावलेला असतो, पण पलीकडची बाई खुशीत होती. तुमची फाइल बंद केली, म्हणाली, कर लागणार नाही. हान्गिलने खालच्या गल्लीत सावकाश श्वास सोडला. म्हणजे माझ्या आईचं वेगळं राहणं मान्य झालं, तो म्हणाला.

“ते आम्ही पाहिलंच नाही.”

“पाहिलं नाही म्हणजे?”

“गरज पडली नाही हो. चोंगसॉनचं त्यांच्या नावावरचं घर आहे ना, ते आम्ही गावच्या कचेरीला बघून यायला सांगितलं होतं. छप्पर केव्हाचं बसलंय. अंगणातलं पर्सिमनचं झाड भिंत फोडून आत आलंय, नेमकं चुलीच्या जागी. फोटोत फळं पण दिसतायत, छान आहेत. आता राहण्याजोगं नसलेलं घर कायद्यात घर धरत नाहीत, हे तुम्हाला माहीतच असेल.”

त्याला माहीत होतं. ‘पडीक घर’ हा त्याचा पुढच्या शनिवारचा धडा होता.

“म्हणजे तुमचं आधीपासून एकच घर होतं,” ती चांगली बातमी शेवटपर्यंत पोचवायच्या सुरात म्हणाली. “आईंना वेगळं राहायची तशी काही गरजच नव्हती.”

त्याने आभार मानले. मग लगेच, वर्गाकडे पाठ करून, आईला फोन लावला. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. झाडाचं सांगायचं नाही, एवढंच ठरलं होतं.

“आई, झालं. संपलं सगळं. मी न्यायला येतो.”

“कोण साहेब बोलताय?”

तो हसला. फोन कुणी ऐकत असलं तर म्हणून हे त्यानेच तिला शिकवलं होतं. “आई, आता नाटक नको. फाइल बंद झाली.”

“मी एकटीच राहते, साहेब. मुलाची चूल वेगळी, माझी वेगळी. संबंध नाही. नमस्कार.”

आणि फोन बंद. यात नवीन काही नव्हतं. हे सगळं असंच व्हायचं. फक्त ‘नमस्कार’ म्हटल्यावर आणि फोन ठेवण्याआधी ती दर वेळी नाकातून फुस्स करून हसायची. हसू आवरत नाही आणि आवरल्याचा आव आणायचाय, असा तो आवाज. तो आज आला नाही. हान्गिल फोन कानाला लावून तसाच उभा राहिला, जणू फुस्स मागून येईल, बस चुकलेल्या माणसासारखं धापा टाकत. खाली माकुलवाला माकुलं उलटी करत होता.

“उरलेला धडा पुढच्या शनिवारी,” त्याने वर्गाला सांगितलं.

“सर, आजींचं राहिलं,” बोंग म्हणाली.

आईची भाड्याची खोली होती त्या जांगवीला चढणाऱ्या हिरव्या छोट्या बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली, आणि बसल्यावर त्याला वाटलं की आपण उगाच घाबरलो. वय झालं की माणूस हसायचं विसरतो. निदान कंटाळतो. एकच विनोद दोन वर्षं केला तर कुणालाही हसू येणार नाही. ती तर या विनोदात पहिल्यापासूनच नाराजीने उतरली होती. वडील गेले तेव्हा ती चोंगसॉनचं घर बंद करून त्याच्याकडे आली, ती दोन बोचकी आणि एक कुकर घेऊन. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लिफ्ट नाही. दर मजल्यावर ती थांबायची आणि धाप लागल्याचं कळू नये म्हणून शेजाऱ्यांच्या दारावरची जाहिरातपत्रकं मन लावून वाचायची, त्यामुळे त्या वस्तीतल्या प्रत्येक पिझ्झाची किंमत तिला पाठ होती, खाल्ला मात्र कधी नव्हता. ते घर विकून लिफ्ट असलेलं, दक्षिणेकडून ऊन येणारी एक खोली तिच्यासाठी असलेलं घर घ्यायचं, हे त्याच्या मनात होतं. सगळं तिच्यासाठीच होतं, हे तो आजही कुणालाही दाखवू शकला असता. अडचण एवढीच होती की म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळायला घरी आणलं, तर दोन घरं एकत्र आल्याची माफी कायदा देतो, पण दहा वर्षं. त्याने हिशेब केला तेव्हा ती मुदत उलटून गेली होती. आपण आईला ठरल्यापेक्षा जास्त सांभाळलं, असा त्याचा अर्थ होत होता. चोंगसॉनचं घर विकावं तर तिथला दलाल गावाचं नाव ऐकून फोन ठेवून देई. मग राहिली वेगळी चूल.

“म्हणजे तू मला घराबाहेर काढतोस,” आई म्हणाली होती. ती तेव्हा मुळा चिरत होती आणि तिने चिरणं थांबवलं नव्हतं.

“कागदावर, आई.”

“कागदावर राहायला गेले तर जेवायचं कुठे?”

“तिथेच. म्हणजे राहायचं खरंच. पण ते खरं नाही.”

“हे तुला कॉलेजात शिकवलं?”

“थोडे महिने. फाइल बंद झाली की मी स्वतः न्यायला येईन. नवीन घरात तुझी उन्हाची खोली असेल.”

“ऊन तर चोंगसॉनलाही होतं,” ती म्हणाली. दर हिवाळ्याच्या तोंडावर ती म्हणायची, एकदा जाऊन घर बघून येऊ, पर्सिमन उतरवू, वाळवू, तुला खोकल्याला चांगली. दर हिवाळ्याच्या तोंडावर लोक कराची कामं घेऊन त्याच्या दारात रांग लावायचे. आता बसमध्ये ते झाड त्याच्या डोळ्यांसमोर आलं: कुणी विचारणारं नाही म्हणून भिंतीला खांदा लावून आत शिरलेलं, चुलीवर उभं, फळांनी लगडलेलं. झाडाने जाऊन घर बघितलं होतं.

बस वळणावर थांबली. एक म्हातारा बेडकासारखं हिरवं जाकीट घालून चढला आणि चालकाशी भांडू लागला, ही बस मागच्या आठवड्यात डावीकडून जायची. चालक म्हणाला, आजोबा, ही कधीच डावीकडून गेली नाही. म्हातारा म्हणाला, मग मी कुठे जायचो? बसमध्ये कुणी हसलं नाही. हान्गिलने फोन खिशातून काढला आणि पुन्हा ठेवला.

तपासणीच्या तालमी तो स्वतः घेत असे. महिन्यातून एकदा, तेवढंच. मुलाच्या गाडीची, फोनची, कार्डाची नोंद आईच्या दाराशी वारंवार सापडली तर वेगळी चूल एकच असल्याचं सिद्ध होतं, असं तो शिकवायचा आणि पाळायचाही. म्हणून जायचं तर बसने, सुट्या नाण्यांवर, आणि अधिकारी म्हणून. दार ठोठावायचं, काखेत फाइल, गळ्यात वडिलांचा जुना टाय. आई दार उघडून त्याला खालपासून वरपर्यंत बघायची आणि म्हणायची, साहेबांच्या मोज्याला भोक आहे. बूट दारात काढावे लागत, त्यामुळे हे दर वेळी व्हायचं, आणि दर वेळी भोक असायचंही.

“आजी, इथे कोण कोण राहतं?”

“मी एकटी.”

“मुलगा?”

“आहे. त्याची चूल वेगळी, माझी वेगळी.”

“येतो का भेटायला?”

“नाही येत, साहेब. संबंध नाही. पण पोरगं गुणी आहे हो.”

“आई, हे शेवटचं नाही म्हणायचं.”

“का? खोटं आहे?”

“खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही. संबंध नसलेल्या मुलाला कुणी गुणी म्हणत नाही.”

“म्हणतात की. संबंध नसला की उलट जास्तच म्हणतात. आमच्या खालची बाई तिच्या पोराला देवमाणूस म्हणते, तो कॅनडाला आहे.”

ते वाक्य निघता निघेना. बाकी सगळं तिने चटकन उचललं. पत्ता, भाड्याची तारीख, दवाखान्याचं नाव, सगळं. पण शेवटाला आली की जीभ आपोआप तिकडेच घसरायची. तो हातातली फाइल गुडघ्यावर आपटायचा. पुन्हा सुरुवातीपासून. मग ती कधी अर्ध्यावर थांबायची, ‘पण पोरगं’ एवढंच म्हणून तोंडावर हात धरायची. आणि एका दिवशी तिने तोंड उघडलं, उघडंच ठेवलं, आणि मिटलं. गिळताना गळ्याची हालचाल झालेली त्याला दिसली. त्याने टाळ्या वाजवल्या. बक्षीस म्हणून तिला थंड शेवयांचं सूप खायला नेलं, लांबच्या दुकानात, वेगवेगळ्या टेबलांवर, पाठीला पाठ लावून. दोघांनी आपापल्या कार्डाने पैसे दिले. जेवताना तिची पाठ हसण्याने हलत होती हे त्याला आपल्या खुर्चीत कळत होतं. त्याला तेव्हा फार बरं वाटलं होतं, इतकं की या जेवणाची गोष्ट वर्गात सांगावी असं आलं होतं मनात. ते तिचं हसणंच होतं का, हा प्रश्न त्याला आज पहिल्यांदा पडला. पाठीला पाठ असताना हसणं आणि दुसरं काही, दोन्ही सारखंच लागतं.

पुरावे गोळा करण्यात तर ती त्याच्याही पुढे गेली. मीटर फिरायला हवं म्हटल्यावर तिने नळ असे सोडले, की पाणी खात्याचा माणूस गळती शोधायला आला आणि भिंत फोडून गेला. कचऱ्याच्या पिशव्या निघायला हव्यात म्हटल्यावर स्वतःचा पुरेना, म्हणून ती शेजाऱ्यांचा कचरा मागून आणायची. ब्रश ओला असावा म्हणून दिवसातून पाच वेळा दात घासायची, ते दात कवळीचे होते. आणि कागदावर ती आता एकटी राहणारी म्हातारी झाल्याने वस्तीच्या कचेरीने तिचं नाव यादीत घातलं. एकट्या म्हाताऱ्यांच्या दारात रोज दह्याची एक छोटी बाटली ठेवायची आणि कालची तशीच पडलेली दिसली तर कचेरीला कळवायचं, अशी रीत आहे. त्या कामाची बाई, ह्यांगसुक, पिवळ्या कोटात आपली गाडी ढकलत रोज सकाळी यायची. आईला दही आवडत नव्हतं. पण बाटली पडून राहिली तर आपण मेलो असं होईल, म्हणून ती ते नाक दाबून प्यायची. आपण जिवंत असल्याचा हा एक पुरावा मात्र हान्गिलने शिकवलेला नव्हता.

मग मागच्या हिवाळ्यात करसल्लागारांच्या मंडळाने समाजसेवा काढली. एकट्या म्हाताऱ्यांना मुरवलेल्या कोबीची किमची वाटायची, छातीवर लाल बदाम काढलेली जाकिटं घालून. गाडीत बसल्यावर पत्ते वाटले गेले, आणि हान्गिलच्या वाट्याला जांगवीची वरची गल्ली आली. नाही म्हणायला कारण देता येईना. दहा किलोचा डबा घेऊन तो आपल्याच आईच्या दारात उभा राहिला, मागे चार सल्लागार, पुढे फोटोवाला. आईने दार उघडलं. कमरेत वाकून नमस्कार केला. एवढी मोठी माणसं, म्हणाली, माझ्यासारख्या निराधार बाईसाठी एवढ्या चढावर आलात. एकजण तर डोळे पुसायला लागला. हान्गिलने हसू दिसू नये म्हणून मान खाली घातली होती. काय काम करते आई, असं त्याला झालं होतं. मोज्याचं तेवढं ती बोलली नव्हती. चार माणसांसमोर कशाला बोलेल, असं तेव्हा वाटलं. तो फोटो मंडळाच्या मासिकात आला, त्याच्या फोनमध्येही होता. आता बसमध्ये त्याने तो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. इतके दिवस तो यात आपलं वाकलेलं डोकं बघत आला होता. आई त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचत होती, ओठ थोडे उघडे ठेवून, एखादं नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं तेव्हा माणूस वाचतो तशी. मग तेव्हा नाटक होतं? की तेव्हाच नव्हतं? फोनवरचं फुस्स त्यानंतरही यायचं, त्याला नक्की आठवत होतं. की ते त्याआधीचं? अमुक दिवसापर्यंत नाटक, अमुक दिवसापासून खरं, अशी तारीख कुठेतरी असणार. त्याच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीला लागू होण्याची तारीख असते. तो तारखा शोधत राहिला आणि त्याचा थांबा गेला. पुढच्या थांब्यावर उतरून तो उलटा चालत आला.

घराच्या पायरीशी ह्यांगसुकची गाडी उभी होती. ती स्वतः उन्हात टेकली होती. त्याला बघून तिने ओळखीचं हसू केलं.

“तुम्ही कर खात्याचे ना?”

“नाही. मी मुलगा.”

ती उठून उभी राहिली आणि कोट झटकला. “आजींना मुलगा आहे?”

“आहे.”

“त्या म्हणतात संबंध नाही.” तिने त्याला नीट बघितलं. “तरी मला वाटायचंच, कर खात्याचा माणूस एवढी केळी कशाला आणेल. दादा, रागावू नका, पण आजींचं हल्ली बरं नाही. महिना-दोन महिने तरी झाले. गॅसवर रिकामं भांडं ठेवतात. परवा मला म्हणाल्या, चोंगसॉनची बस कुठून सुटते, चुलीत विस्तव तसाच राहिलाय. मी कचेरीत सांगितलं. ते म्हणाले, घरचं कुणी असेल तर दवाखान्यात नेता येईल. मी म्हटलं, घरचं कुणी नाही. कागदावरही तसंच लिहून दिलंय म्हणे.”

“हो,” हान्गिल म्हणाला.

“दही मात्र रोज पितात,” ती म्हणाली, त्याला बरं वाटावं म्हणून.

जिना चढताना त्याने दारावरचं जाहिरातपत्रक वाचलं. मग दार ठोठावलं. टाय नव्हता, फाइल नव्हती. आईने दार उघडलं. केस नीट विंचरलेले, अंगात तोच जांभळा स्वेटर, आणि चेहऱ्यावर इतकं सावध, इतकं स्वच्छ अगत्य, की त्याच्या तोंडातली ‘आई’ ही हाक तशीच राहिली.

“या साहेब. आत या.”

“मी हान्गिल.”

“हो का,” ती म्हणाली. “माझ्या मुलाचंही तेच नाव आहे. संबंध नाही. बसा.”

खोली इतकी नीट लावलेली होती की वर्गात दाखवता आली असती. एक गादी, एक ताट, एक वाटी, एक चमचा. खिडकीत दह्याच्या रिकाम्या बाटल्या धुऊन ओळीने उभ्या. तिने त्याला सातूचा चहा दिला, गार होता, आणि न विचारताच न्हाणीचं दार उघडून ब्रश दाखवला. ओला आहे, बघा हात लावून. मग नळ सोडला आणि तसाच सोडून येऊन त्याच्यासमोर मांडी घालून बसली. पाणी वाहत राहिलं.

“फाइल बंद झाली,” तो म्हणाला. “आता तुम्हाला वेगळं राहायची गरज नाही. मुलाकडे जाता येईल. नवीन घर झालंय, लिफ्ट आहे तिथे. उन्हाची खोली आहे. मी न्यायला आलोय.”

तिने त्याच्याकडे थोडी दया आल्यासारखं बघितलं. “असं बोलून नेतात, ते माहीत आहे मला. मग म्हणतात, बघा, एकच चूल होती. मी नाही यायची, साहेब. तुम्ही तुमचं काम करा. विचारा काय ते.”

“काही विचारायचं नाही.”

“विचारल्याशिवाय कसं? एवढ्या चढावर आलात.” मग तिची नजर खाली गेली. “मोज्याला भोक आहे.”

त्याने पाय मागे घेतला. तिने हात पुढे केला, काढा, म्हणाली, अशा आवाजात की त्याला सहा वर्षांचं व्हायला वेळ लागला नाही. त्याने मोजा काढून दिला. तिने उशीखालून सुईदोरा काढला, दोरा एका झटक्यात ओवला, मोज्यात एक दह्याची बाटली घातली आणि भोकाच्या कडा धरून रफू करू लागली. तिच्या बोटांना सगळं आठवत होतं. ती बोटं त्याला ओळखत होती की फक्त भोकाला, हे विचारण्यासारखं कुणी नव्हतं.

“बायको बघत नाही का?”

“बायको नाही.”

“आई?”

“आहे.”

“मग तिला सांगायचं.”

“ती वेगळी राहते,” तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि दोरा ओढला. “मग बरोबर आहे. कर लागत नाही.”

पाणी वाहत होतं. खाली ह्यांगसुकची गाडी उतारावरून खडखडत गेली. ती गेल्यावर या गल्लीत आपल्याला ओळखणारं कुणी उरलं नाही, असं त्याला वाटलं. त्याने नाक पुसलं. आईने सुई थांबवून त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, साहेब, तुमच्या खात्यात रडलेलं चालतं का. तो म्हणाला, शनिवारी चालतं. ती पुन्हा कामाला लागली. त्याला एकाएकी काय विचारायचं ते कळलं. त्याने मांडी नीट घातली, आवाज थोडा जड केला, जसा तो तालमीत करायचा.

“आजी, इथे कोण कोण राहतं?”

तिचा चेहरा उजळला. “मी एकटी.”

“मुलगा?”

“आहे. त्याची चूल वेगळी, माझी वेगळी.”

“येतो का भेटायला?”

“नाही येत, साहेब. संबंध नाही.”

आणि तिने तोंड उघडलं. तिच्या गळ्याची ती हालचाल झाली, आणि तोंड मिटलं.

“अजून एक वाक्य असतं ना,” तो म्हणाला. “याच्या पुढे?”

“नाही.”

“असतं. मुलगा कसा आहे, ते.”

ती बराच वेळ आठवत राहिली. कपाळावर आठी पडली, सुई हवेत थांबली. कुठल्या तरी खूप आतल्या खोलीत ती काही हुडकत होती आणि एकेक दार लावून घेत परत येत होती.

“ते काढून टाकलंय,” ती शेवटी म्हणाली.

“कुणी?”

“एक माणूस यायचा इथे. हुशार होता फार. टाय लावून यायचा. त्यानं काढायला लावलं. चालत नाही म्हणाला ते.” तिने दोरा दाताने तोडला, मोज्यातून बाटली काढली, आत हात घालून रफू तपासलं. मग मोजा त्याच्यासमोर ठेवला. “झालं? पास?”

त्याने मोजा पायात चढवला. अंगठ्याखाली रफूची गाठ लागत होती. आता उठलं की दार, जिना, बस. आणि उद्या पुन्हा आलं तर ती दार उघडील, कारण आपण कर खात्याचे आहोत, आणि तिच्या मुलाला वाचवायचं तर आपल्याला तिने घरात घेतलंच पाहिजे.

“पास,” तो म्हणाला. “पण एकदा पुन्हा. सुरुवातीपासून.”

“विचारा,” ती म्हणाली, आणि उत्तर द्यायला ताठ बसली.